उजव्या कडेची सही

१९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेने दूर समुद्रात हायड्रोजन बाँब फोडून पाहिला आणि त्याची राख नेमकी आमच्या एका मासेमारी बोटीवर पडली. बोट बंदरात परतली, खलाशी इस्पितळात गेले, आणि पेपरात बातमी छापून येईपर्यंत बोटीतला टूना तोक्योच्या बाजारात पोचलासुद्धा होता. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुणी मासा खाईना. टूना सोडला हे समजण्यासारखं होतं. पण लोकांनी नदीतला मासाही सोडला, सुकटही सोडली, आणि गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघराचे मालक हाशिदा आजोबा तर भिंतीवर रंगवलेल्या माशाकडे पाठ करून टबात बसू लागले.

गल्लीतलं एकमेव मासळीचं दुकान गेन्जिरोंचं. मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायचो, त्यामुळे पुढचं सगळं मला जिन्यावर बसून फुकटात पाहायला मिळालं. गेन्जिरो हे मासा कापण्यातले कलावंत. त्यांनी ताटात लावलेली साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप, खावी की तिला नमस्कार करावा, असा पाहुण्यांना प्रश्न पडे. अशा माणसाने एके सकाळी दुकानावर पाटी लावली : ‘आमच्याकडे अणुबाँबचे मासे मिळत नाहीत.’ त्यामुळे झालं असं, की ज्या दोघातिघांना ही गोष्ट अजून सुचली नव्हती, त्यांनाही ती सुचली.

मग गेन्जिरो दुकानासमोर स्टूल टाकून स्वतः टूना खायला बसले. बायका टोपल्या घेऊन समोर उभ्या राहत आणि काळजीने विचारपूस करीत.

“काय गेन्जिरोसान, आज कसं वाटतंय?”

“ठणठणीत! बघा की.”

“केस गळतायत का?”

“केस माझे लग्नाच्या आधीच गेलेत!”

“मग कळायचं कसं?” असं म्हणून बायका समोरच्या सेकिनेंकडे तोफू घ्यायला वळत. सेकिनेंचा तोफू त्या वसंतात जेवढा खपला, तेवढा त्याआधी कधी खपला नव्हता. सेकिने बिचारे गेन्जिरोंना पाहून चेहरा पाडण्याचा प्रयत्न करीत, पण तो काही नीट पडत नसे.

एप्रिलच्या शेवटी गेन्जिरोंनी सुरी पुसून म्यान केली आणि बायकोला सांगितलं, “नोबुए, बास झालं. मेअखेर दुकान बंद. निइगाताला दादाकडे जाऊ. भात लावू.”

नोबुएबाई मासे मोजत होत्या, म्हणजे तेच कालचे. त्यांच्या हातातला बांगडा निसटून पडला. निइगाता वाईट नाही. भात उत्तम, बर्फ भरपूर. पण तिथे थोरल्या जाऊबाई होत्या. या जाऊबाई रोज सकाळी धाकट्या जावांनी पुसलेल्या फरशीवरून पांढरा मोजा घालून चालायच्या आणि मग बसून मोज्याचा तळवा बघायच्या. लग्नानंतर दोन वर्षं नोबुएबाईंनी त्या मोज्याच्या धाकात काढली होती. बाँबची भीती त्यांना वाटत होतीच. पण बाँब पडेल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जाऊबाईंबद्दल तसा संशय नव्हता.

तोक्योतल्या आमच्या सुगिनामी भागात तेव्हा बायकांचं एक वाचनमंडळ होतं. महिन्यातून एकदा सभागृहात जमून त्या जाड पुस्तक वाचत आणि चर्चा करीत. नोबुएबाई तिथे जात, पण मागे बसत आणि पुस्तकातलं एखादं मोठं वाक्य आलं की डुलकी घेत. त्या महिन्यात मात्र त्या उभ्या राहिल्या. अंगावर दुकानातला रबरी एप्रन तसाच.

“मला वाचलेलं फारसं कळत नाही,” त्या म्हणाल्या, “पण सगळ्या मला विचारतात, मासा खायचा की नाही खायचा. बाँब फोडायचा की नाही फोडायचा, हे का नाही कुणी कुणाला विचारत? मासा काय स्वतःहून गेला होता तिकडे?”

मग मंडळ चालवणाऱ्या मियाकेबाईंनी पुस्तक मिटलं. ते पुन्हा उघडलं गेलं ते थेट पुढच्या वर्षी. असल्या बाँबवर बंदी आणा, अशी मागणी लिहून घरोघर सह्या गोळा करायच्या असं ठरलं. प्रत्येक गल्लीला मजकुराची एक प्रत आणि सह्यांसाठी एक कोरा कागद. आमच्या गल्लीचा नोबुएबाईंकडे आला.

गेन्जिरो हसले. “या गल्लीत? इथे कुणी गटारावरचं झाकण बदलायलासुद्धा एकमताने सही केली नाही.”

“केली तर?”

“झाडून साऱ्या गल्लीने केली, तर निइगाता रद्द. एक जरी राहिला, तर एक तारखेला गाडीत बसायचं. कबूल?”

“कबूल,” नोबुएबाई म्हणाल्या आणि शाई घोटायला बसल्या.

सगळ्यात आधी त्या निवृत्त मुख्याध्यापक कुवाबारा गुरुजींकडे गेल्या. हे ओघानेच आलं. आमच्याकडे लिहितात वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे. तेव्हा कागदाची उजवी कड ही मानाची जागा. तिथे गल्लीतल्या मोठ्या माणसाची सही पडल्याशिवाय बाकीच्यांनी लेखणी उचलायची म्हणजे मांडवात नवरदेवाच्या आधी जेवायला बसण्यासारखं.

गुरुजींनी मजकूर दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला. “मजकूर उत्तम आहे. पण पहिली सही माझी नको, नोबुएबाई. माझी तेवढी लायकी नाही. हाशिदांकडे जा. ते वयाने मोठे.”

हाशिदा आजोबा म्हणाले, “गुरुजींच्या आधी? मी? मी लोकांच्या पाठी चोळणारा माणूस!”

“तुम्ही पाठी कधी चोळल्यात?” आतून आजी ओरडल्या. “गल्ल्यावर बसून पेपर वाचता!”

“तेच म्हणतोय, तेवढीही लायकी नाही.”

सेकिने तोफूवाले म्हणाले, “आधी मोठ्यांची होऊ द्या, मग आम्ही आहोतच.” न्हाव्याने तेच सांगितलं. तांदूळवाल्याने तेच, फक्त वाकून. कागद गल्लीतून मिरवून परत गुरुजींकडे गेला. गुरुजींनी नोबुएबाईंना चहा दिला आणि कागद तेवढा परत दिला. दुसऱ्या फेरीला कागदाच्या घड्या पडल्या होत्या, सही एक नव्हती. विशेष म्हणजे सगळ्यांचा बाँबला विरोध होता. नोबुएबाईंना वाटलं, एखादा तरी बाँबच्या बाजूचा निघावा, निदान त्याच्याशी भांडता तरी येईल.

शेवटी कोंडी फोडली ती सेकिनेंनी. तोफू खूप खपत असल्याची त्यांना आतून टोचणी होती. ते म्हणाले, “मी करतो. पण उजवीकडे नाही.” आणि त्यांनी कागदाच्या अगदी डाव्या कडेला, तळाच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात सही केली.

ही बातमी पसरली. आता आली का पंचाईत! सेकिने जर शेवटच्या जागेवर, तर न्हाव्याने त्यांच्या उजवीकडे कसं बसायचं? त्याने सेकिनेंच्याही खाली, समासात सही केली. तांदूळवाला समासाच्याही पलीकडे, कागदाच्या काठावर. त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर पाटावर उमटलं. मी भाडेकरू, म्हणजे माझी जागा गल्लीच्या मांजराच्या थोडी नंतर. मला मागच्या बाजूला सही करावी लागली.

मे महिन्याच्या मध्याला नोबुएबाईंनी तो कागद मियाकेबाईंना दाखवला. मियाकेबाईंनी तो खिडकीशी नेला. एवढा मोठा थोरला कोरा कागद आणि डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका.

“शाई सांडली का हो?”

“नाही. आमची गल्ली आहे ती.”

मियाकेबाईंनी भिंग मागवलं. मग म्हणाल्या, “हे बघा, जागा कुठलीही असू दे. पण नाव वाचता आलं पाहिजे आणि ते ज्याचं त्याने लिहिलेलं पाहिजे. सहीऐवजी घरटी एक नावाचा शिक्का चालणार नाही. माणशी एक सही. बायकांचीसुद्धा. बायकांची तर हवीच.”

ही दुसरी पीडा. पुरुषमंडळी समजून चालली होती की घराच्या कर्त्याने नाव लिहिलं की घर आटोपलं. नोबुएबाई हे सांगायला तोफूच्या दुकानात गेल्या तेव्हा मी तोफू घ्यायला उभा होतो. खोटं कशाला सांगू, मीही मासा सोडला होता.

सेकिने म्हणाले, “म्हणजे काय? माझ्या नावात ही आलीच की.”

सेकिनेबाई वाफेतून बाहेर आल्या. “आले का मी? कुठे बसलेय? दाखवा तरी.”

“अगं, तसं नाही—”

“उद्या ती राख पडायला लागली तर मी कुठे जाऊ, तुमच्या शिक्क्याखाली लपू? दोघं मावू का आपण? इकडे द्या हो नोबुएबाई ती लेखणी. आणि मला उजवीकडून दुसरी जागा द्या, मला नाही कुणाची भीती!”

“पहिली का नाही घेत मग?” सेकिने पुटपुटले.

सेकिनेबाई थांबल्या. त्यांची सारी ऐट उतरली. “पहिली कशी घेऊ? गुरुजी आहेत ना.”

त्या संध्याकाळी नोबुएबाई दुकानात पाटासमोर बसल्या होत्या. समोर तो कागद. बाहेर पाऊस लागला होता. त्या पावसातही राख आहे असं रेडिओवर सांगितलेलं, म्हणून गल्लीत चिटपाखरू नव्हतं. महिना सरत आला होता. मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यांना, मला वाटतं, तो मोजा दिसत होता.

अचानक त्यांनी गेन्जिरोंची साशिमीची लांब सुरी काढली आणि कागद उभा कापला. सर्रकन. मग पुन्हा. मग पुन्हा. प्रत्येक सहीच्या रकान्याची एक लांब पट्टी. रेघ सुटली तरी हात थांबला नाही.

गेन्जिरो मागच्या खोलीतून धावत आले. “अगं ए! त्या सुरीने कागद? धार जाईल!”

“कापायला दुसरं आहेच काय तिला,” नोबुएबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघर कोऱ्या पट्ट्या वाटल्या. एका माणसाला एक पट्टी. पट्टीला ना उजवं ना डावं. तिच्यावर तुम्हीच पहिले आणि तुम्हीच शेवटचे. गल्लीने सुटकेचा असा श्वास सोडला की न्हाणीघराचे पडदे हलले असतील. लोक पट्ट्या घरी घेऊन गेले, हात धुऊन बसले आणि काढता येईल तितकं मोठं अक्षर काढलं. न्हाव्याने तर एवढं मोठं काढलं की पत्त्याला जागा उरली नाही.

न्हाणीघरवाल्या आजी पट्टी घेऊन दुकानात आल्या आणि घुटमळल्या. “नाव लिहायचं म्हणजे... कुठलं?”

“तुमचं, आजी.”

“तेच. मला सगळे न्हाणीघरवाली म्हणतात. हे ‘ए’ म्हणतात.” मग त्यांनी लेखणी बुडवली आणि सावकाश, डौलदार वळणाने लिहिलं : रिन. वाळेपर्यंत स्वतःच त्यावर फुंकर घालत बसल्या. संध्याकाळी न्हाणीघरात हाशिदा आजोबा गिऱ्हाइकांना सांगत होते, “रिन नाव आहे हो तिचं. अक्षर बघाच तुम्ही.” जणू कालच ओळख झाली होती.

महिन्याच्या शेवटच्या दुपारपर्यंत पट्ट्यांचा ढीग जमला. आता त्या नव्या कागदावर चिकटवायच्या होत्या, आणि नोबुएबाईंच्या लक्षात आलं की त्यांनी अडचण फक्त गल्लीतून उचलून स्वतःच्या पाटावर आणली आहे. उजव्या कडेला कुणाची पट्टी लावायची? सेकिनेंची लावली तर न्हावी बोलणार. न्हाव्याची लावली तर न्हावीच लाजेने गल्ली सोडणार. शेवटी त्यांनी कागदावर साशिमीचं गोल ताट उपडं ठेवून वर्तुळ काढलं आणि त्याच्याभोवती पट्ट्या लावायला घेतल्या. गोलाला कड नसते.

गेन्जिरो दाराशी टेकून बघत होते. त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते पैज जिंकत आले होते. गुरुजींची पट्टी अजून कोरी होती. पण चौथी पट्टी लागली तशी त्यांच्या गालाचा स्नायू उडायला लागला. सातव्या पट्टीला त्यांना राहवेना.

“असं लावतात? असं? ही तिरकी, ती आडवी. हे ताट आहे की अपघात?”

“मग कसं लावतात?”

“सर तिकडे.” त्यांनी हात धुतले, बाह्या वर केल्या, आणि सगळ्या पट्ट्या काढून पुन्हा सुरुवात केली. आमच्याकडे पातळ कापलेला मासा शेवंतीच्या फुलासारखा लावतात, एका पाकळीवर दुसरी किंचित चढलेली, टोकं सगळी आत. दोन महिने त्या माणसाच्या हाताला काम नव्हतं. बोटं अशी चालली की नोबुएबाई श्वास रोखून नुसती खळ पुढे करीत राहिल्या. मी जिन्यावरून हळूच दोन पायऱ्या खाली आलो.

फूल बरंचसं झालं असताना कुवाबारा गुरुजी आले. हातात कोरी पट्टी. परत द्यायला आलो होतो म्हणाले, आणि बोलता बोलता कागदाकडे पाहून थांबले.

“असंच लिहायचो आपण,” ते म्हणाले. “झेंड्यावर. शाळेतली मुलं लढाईवर निघाली की. मध्ये सूर्य आणि भोवती सगळ्यांची नावं.” पट्टी त्यांच्या बोटांत गुंडाळली जात होती. “पहिलं नाव मुख्याध्यापकाचं. दर झेंड्यावर. लोक म्हणतात गुरुजी विनयाने पहिली सही करत नाहीत. विनय नाही हो तो. तेवढ्या पहिल्या सह्या आयुष्यात पुरे झाल्या.”

नोबुएबाईंनी दुकानातलं बरं स्टूल पुढे केलं. गुरुजी बसले. वाकून फुलाच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, “आणि इथे? इथे मध्ये काय येणार, गेन्जिरो?”

गेन्जिरोंनी प्रश्नाचा धंद्याच्या अंगाने विचार केला. “काही नाही, गुरुजी. मधली जागा मोकळीच सोडायची. ताटाची नक्षी दिसावी म्हणून.”

“मोकळीच?”

“एकदम.”

“आणि यात पहिली सही कुठली?”

“कुठूनही मोजा.”

गुरुजींनी कागद या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला, एकदा सुरुवात सापडते का ते बघायला चक्क पाटाभोवती फिरून आले. मग पट्टी सरळ करून नाव लिहिलं. अक्षर मुख्याध्यापकाचं, फळ्यावर शोभेल असं. “अक्षर सांभाळून लावा,” म्हणाले, आणि गेले.

गेन्जिरोंनी ती पाकळी लावली. मागे सरकून मान तिरकी केली. आणि कपाळाला आठी घातली. फुलात एक फट होती.

“दोन कमी पडतायत.”

“दोनच राहिलेत,” नोबुएबाई म्हणाल्या. “आपण.”

आता काय घडलंय ते गेन्जिरोंच्या ध्यानात आलं. झाडून सारी गल्ली, असं ते म्हणाले होते. त्यांनी सही केली की निइगाता रद्द. नाही केली की पैज त्यांची, आणि ज्या बाँबने दुकान बुडवलं त्याच्याविरुद्ध सही न करणारा गल्लीतला एकमेव माणूस म्हणजे मासळीवाला. पण खरं सांगायचं तर यातलं काहीच त्यांच्या डोळ्यांत दिसत नव्हतं. ते त्या फटीकडे बघत होते. असं ताट त्यांनी जन्मात दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

“पाकळ्या थोड्या सरकवल्या तर—” ते म्हणाले.

“सरकवा.”

त्यांनी एक पट्टी उचकून पाहिली. खळ वाळली होती. काम पक्कं होतं, त्यांचंच. त्यांनी बोट चोखलं.

नोबुएबाईंनी सवयीने लेखणी दोन्ही हातांनी नवऱ्यापुढे धरली. “घ्या. तुमची झाली की मी करते.”

“तू अजून केली नाहीस?”

“तुमच्या आधी कशी करू?”

गेन्जिरोंनी लेखणीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. महिनाभर गल्लीभर सगळ्यांना ही बाई समजावत फिरली होती. “तू कर आधी,” ते म्हणाले. “माझी झाली की मी हरलो. तेवढाच वेळ मला जिंकलेला राहू दे.”

नोबुएबाईंनी लेखणी बुडवली, आणि लिहिलं. पूर्ण नाव, पत्ता, सगळं. अजिबात घाई केली नाही. नवरा शेजारी जिंकत उभा होता. मग त्यांनी लेखणी दिली आणि गेन्जिरो हरले. दोन्ही पाकळ्या त्यांनी स्वतः लावल्या, चढती बाजू पाहून, आणि ताट फिरवावं तसा कागद हलकेच फिरवून सगळीकडून तपासला.

“पहाटे बाजारात जाऊन बघतो,” ते म्हणाले. “टूना नाही. बांगडे आले असतील. तारल्या तरी.”

“सेकिनेबाई म्हणत होत्या, तोफू खाऊन खाऊन त्यांचा नवरा पांढरा पडलाय.”

“दादाला कळवायला हवं मग. येत नाही म्हणून.”

“तुमच्या भावाला तुम्ही कळवा.” नोबुएबाई एप्रनची गाठ सोडत होत्या. “जाऊबाईंना मात्र मीच कळवीन. तार करते. आत्ताच करते, पोस्ट बंद व्हायच्या आत.”

“अगं, तारेत असं काय लिहायचंय एवढं?”

पण त्या गेल्याही होत्या. पाऊस थांबला होता, गल्लीत चिखल होता, आणि त्या पांढरे मोजे घालून मधोमध चालल्या होत्या.